तारीख त्यांची, स्वातंत्र्य आपले

दरवर्षी ऑगस्ट महिना उजाडला की एक जुना वाद नव्याने डोके वर काढतो. भारताच्या स्वातंत्र्यदिनाची तारीख कोणी ठरविली? १५ ऑगस्टच का? ज्या दिवसाची निवड एका इंग्रज व्हाइसरॉयने स्वतःच्या मर्जीने केली, तो दिवस एका प्राचीन राष्ट्राने आपला सर्वोच्च राष्ट्रीय उत्सव म्हणून का साजरा करावा? कोणी म्हणतो, खरा स्वातंत्र्यदिन २६ जानेवारी. कोणी म्हणतो, आझाद हिंद सरकारची घोषणा झाली तो २१ ऑक्टोबर. इंग्रजी तारीखच नको, शकगणनेनुसार दिवस धरावा, असा आग्रह धरणारेही आहेत. या सर्वांना हट्टाग्रही ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तसेच त्यांच्या म्हणण्यावर भावनेच्या भरात टाळ्या वाजविणेही सोपे आहे. प्रश्न राष्ट्राच्या स्मृतीचा असल्यामुळे या दोन्ही सोप्या वाटा टाळून त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

या विचारासाठी दिल्लीला जाण्याची आवश्यकता नाही. अंबरनाथ पश्चिमेहून उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पकडे निघालेल्या माणसाला हा इतिहास रस्त्यात भेटतो. अंबरनाथ कुठे संपले आणि उल्हासनगर कुठे सुरू झाले, हे नवख्याला कळतही नाही. परंतु दुकानांच्या पाट्यांवर सिंधी आडनावे दिसू लागतात, पत्त्यात बॅरेकचा क्रमांक येऊ लागतो, आणि एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर अशी गावाच्या भागांची नावे कानावर पडू लागतात. लोकांच्या वस्तीला कॅम्प का म्हणायचे आणि घराच्या पत्त्यात बॅरेक कशी आली, असा प्रश्न इथल्या शाळकरी मुलाला सहसा पडत नाही. ज्या गावात आपण जन्मलो त्या गावाच्या नावांची आपल्याला सवय होऊन जाते. या दोन शब्दांत मात्र १५ ऑगस्टची अर्धी कहाणी दडलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली. ओळीने बांधलेल्या बराकी, पाच विभाग, पाच क्रमांक. युद्ध संपले, सैनिक गेले आणि छावणी ओस पडली. हे युद्ध पूर्वेकडे ज्या दिवशी थांबले, त्या दिवसाची तारीख होती १५ ऑगस्ट १९४५. त्या दिवशी जपानच्या सम्राटाने नभोवाणीवरून शरणागतीची घोषणा केली. त्या वेळी दोस्तराष्ट्रांच्या आग्नेय आशियातील फौजांचे सरसेनापती होते लॉर्ड लुई माउंटबॅटन. पुढे १२ सप्टेंबर १९४५ रोजी सिंगापूर येथे जपानी सेनाधिकाऱ्यांची औपचारिक शरणागती त्यांनीच स्वीकारली. हाच सेनानी दीड वर्षाने भारताचा शेवटचा व्हाइसरॉय म्हणून दिल्लीत दाखल झाला.

ब्रिटिश पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ रोजी संसदेत घोषणा केली होती, की जून १९४८ पर्यंत भारताची सत्ता भारतीयांच्या हाती सोपविली जाईल. माउंटबॅटन यांनी २४ मार्च १९४७ रोजी पदाची शपथ घेतली. ३ जून रोजी फाळणीची योजना जाहीर झाली आणि ४ जूनला पत्रकार परिषदेत त्यांनी सत्तांतराचा दिवस सांगून टाकला : १५ ऑगस्ट. म्हणजे हाती राहिले अवघे ७२ दिवस. ॲटलींनी दिलेली मुदत दहा महिन्यांहून अधिक अलीकडे ओढली गेली. ही तारीख कशी सुचली, याचे उत्तर माउंटबॅटन यांनीच पुढे लेखकद्वय लॅरी कॉलिन्स आणि डॉमिनिक लापिएर यांना दिले. प्रश्न अचानक आला, सूत्रे आपल्याच हाती आहेत हे दाखवायचे होते, ऑगस्ट किंवा सप्टेंबर असे काहीसे मनात होते, आणि जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन म्हणून १५ ऑगस्ट ओठांवर आला, असा त्या उत्तराचा आशय होता. ४० कोटी लोकांच्या देशाच्या मुक्तीचा मुहूर्त एका सेनापतीच्या विजयस्मृतीतून निघाला!

यातील खोच एवढ्यावर संपत नाही. ज्या जपानच्या पराभवाची ही तारीख, त्याच जपानच्या साथीने नेताजी सुभाषचंद्र बोस यांची आझाद हिंद सेना इंफाळ आणि कोहिमाच्या रणात लढली होती. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात नेताजींनी स्वतंत्र भारताचे हंगामी सरकार घोषित केले होते. त्याच शहरात आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले होते, आणि इंग्रज परत येताच माउंटबॅटन यांच्या आदेशाने ते पाडून टाकण्यात आले. भारताच्या स्वातंत्र्यासाठी रक्त सांडणाऱ्यांचे स्मारक ज्याने उद्ध्वस्त करविले, त्यानेच त्या स्वातंत्र्याचा दिवस मुक्रर केला. १५ ऑगस्टच्या तारखेविषयी ज्यांच्या मनात अढी आहे, त्यांच्या अढीला हा आधार आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

ज्योतिषांनी तेव्हा हा दिवस अशुभ असल्याचे सांगितले आणि गदारोळ झाला. तोडगा असा निघाला, की संविधान सभेची बैठक १४ तारखेच्या रात्री भरवायची आणि मध्यरात्रीच्या ठोक्याला सत्ता स्वीकारायची. आपल्याकडे दिवस सूर्योदयाने सुरू होतो, इंग्रजांचा मध्यरात्री. दोन कालगणनांच्या सांध्यावर स्वतंत्र भारताचा जन्म झाला. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, त्या मध्यरात्रीचे मूळ एका तडजोडीत आहे एवढे प्रत्येकाला ठाऊक असावे.

मुहूर्ताचा दोष हा श्रद्धेचा विषय मानला, तरी घाईचा दोष हा इतिहासाचा विषय आहे. सीमा आखण्यासाठी बोलाविलेले सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलेला नव्हता. पंजाब आणि बंगाल या दोन विशाल प्रांतांवर सुरी फिरविण्यासाठी त्यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. निवाडा १५ ऑगस्टपूर्वी तयार झाला होता, तरीही उत्सवावर विरजण पडू नये म्हणून तो दडवून ठेवून १७ ऑगस्टला जाहीर करण्यात आला. म्हणजे ज्या दिवशी देशभर तिरंगा फडकला, त्या दिवशी लाहोर आणि अमृतसरच्या मधल्या खेड्यातील शेतकऱ्याला आपण कोणत्या देशात आहोत हे ठाऊक नव्हते. बंगालमधील मुर्शिदाबाद आणि मालदा या जिल्ह्यांत पहिले दोन-तीन दिवस पाकिस्तानचा ध्वज होता. नदिया जिल्ह्याच्या काही भागांत आजही १८ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन पाळला जातो तो याच कारणाने.

माउंटबॅटन यांनी आपल्या कार्यालयात रोज एक पान फाडायचे कॅलेंडर लावले होते, आणि सत्तांतराला किती दिवस उरले ते त्यावर छापलेले असे. दिवस मोजले जात होते, पण त्या दिवसांत उखडल्या जाणाऱ्या माणसांची मोजदाद कोणी केली नाही. पोलीस आणि सैन्य यांचीच वाटणी चालू असताना निर्वासितांचे रक्षण कोण करणार होते? फाळणीत मेलेल्यांचे आकडे दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत सांगितले जातात. आकड्यांतील ही तफावतच सांगते, की मेलेल्यांची नोंद ठेवायलाही कोणी जागेवर नव्हते.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सगळा दोष एका माउंटबॅटनच्या माथी मारणे हे इतिहासाला धरून होणार नाही. मार्च १९४७ पासूनच पंजाब पेटला होता. हंगामी सरकारात काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचे एका टेबलावर बसणेही कठीण झाले होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नौसैनिकांनी केलेल्या उठावाने आणि त्याआधी लाल किल्ल्यातील आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी इंग्रजांच्या भारतीय फौजेवरील विश्वासाला तडा गेला होता. सत्ता लवकर मिळावी असे आपल्या नेत्यांनाही वाटत होते, आणि ही तारीख त्यांनी मान्य केली. विलंब झाला असता तर रक्तपात टळला असता की वाढला असता, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. तथापि एखादी गोष्ट अटळ असणे वेगळे आणि ती विनातयारी उरकणे वेगळे. सीमा ठाऊक नसताना देश वाटण्याचे दायित्व त्या घाईवर येतेच, आणि ती घाई मान्य करणाऱ्यांवरही येते.

आता पुन्हा कल्याणच्या ओस छावणीकडे येऊ. सिंधची गोष्ट पंजाबहून निराळी होती. पंजाब विभागला गेला, बंगाल विभागला गेला. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला, आणि सिंधी हिंदूंना स्वतःची म्हणावी अशी मूठभरही भूमी भारतात उरली नाही. १ एप्रिल १९३६ पर्यंत हाच सिंध मुंबई इलाख्याचा भाग होता. कराची आणि मुंबई यांचा कारभार एकाच सचिवालयातून चालत असे. अवघ्या अकरा वर्षांत त्याच प्रांताचे रहिवासी त्याच मुंबईच्या बंदरात निर्वासित म्हणून उतरले. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळल्यानंतर तर बोटी भरभरून माणसे आली. त्यांच्यासाठी सरकारला जागा आठवली ती कल्याणच्या लष्करी छावणीची. सुमारे एक लाख माणसे त्या बराकींत येऊन राहिली. हवेल्या सोडून आलेल्यांनी एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून चार-चार संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसविली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव दिले.

या योगायोगाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ज्या महायुद्धासाठी या बराकी बांधल्या, त्या महायुद्धाच्या विजयदिनावरून स्वातंत्र्याची तारीख ठरली, आणि त्या तारखेच्या घाईत जे उन्मळून पडले, ते याच बराकींत येऊन वसले. १५ ऑगस्टचे कारण आणि १५ ऑगस्टचा परिणाम एकाच गावात शेजारी शेजारी पाहायला मिळावा, असे ठिकाण दुसरे क्वचितच असेल. नव्वदीकडे झुकलेले जे थोडे वृद्ध पाच नंबरमध्ये आज हयात आहेत, त्यांच्या दृष्टीने १५ ऑगस्ट हा उत्सवही आहे आणि सुतकही. ध्वजवंदनाला ते उभे राहतात, राष्ट्रगीतात सिंधचे नाव येते तेव्हा त्यांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक. सिंध आता भारतात नाही म्हणून राष्ट्रगीतातून तो शब्द वगळावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. २००५ साली न्यायालयाने ती फेटाळली, हे उचितच झाले. नकाशावरून पुसलेले नाव स्मृतीतूनही पुसण्याचे कारण नाही.

मग तारीख बदलावी काय? तसे करणारा एक देश आपल्या शेजारी आहे. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यात दोन्ही अधिराज्यांसाठी एकच दिवस लिहिला होता : १५ ऑगस्ट. पाकिस्ताननेही पहिल्या वर्षी तोच दिवस मानला. जुलै १९४८ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या स्मरणार्थ टपाल तिकिटांवर १५ ऑगस्ट १९४७ हीच तारीख छापलेली आहे. पुढे १९४८ साली त्यांनी आपला दिवस एक दिवस अलीकडे, १४ ऑगस्टवर आणला. त्याने काय साधले? भारताहून वेगळे दिसण्यापलीकडे त्या बदलातून काहीही निष्पन्न झाले नाही. तारीख बदलल्याने इतिहास बदलत नाही, केवळ पुढच्या पिढीचा गोंधळ वाढतो.

दूरच्या ऑस्ट्रेलियात हाच वाद आज अधिक तीव्र आहे, आणि आपल्या दृष्टीने त्यात शिकण्यासारखे आहे. तेथे राष्ट्रीय दिन २६ जानेवारीला असतो. १७८८ साली त्या दिवशी कॅप्टन आर्थर फिलिप याने सिडनीच्या किनाऱ्यावर ब्रिटिश ध्वज रोवला आणि कैद्यांची वसाहत सुरू केली. तेथील मूळ रहिवाशांच्या लेखी तो आक्रमणाचा दिवस. त्यांनी १९३८ साली, म्हणजे दीडशे वर्षे पूर्ण होत असताना, तो शोकदिन म्हणून पाळला होता. तेव्हापासूनचा तो निषेध आजतागायत थांबलेला नाही. सिडनी आणि मेलबर्न येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची त्या दिवशी विचित्र अवस्था होते. सकाळी भारताच्या प्रजासत्ताकाला वंदन करायचे आणि त्याच दिवशी शेजाऱ्यांच्या घरी इंग्रजांच्या आगमनाची सुट्टी! एकच तारीख, एका देशात साम्राज्याच्या आरंभाची आणि दुसऱ्या देशात साम्राज्याचे जोखड फेकल्याची.

या तुलनेतून आपल्या वादाचे उत्तर सापडते. ऑस्ट्रेलियाच्या तारखेत दोष असा, की त्या दिवशी जे घडले तेच मूळच्या लोकांना जखम करणारे आहे. आपल्या १५ ऑगस्टची तारीख परक्याने निवडली हे खरे, परंतु त्या दिवशी जे घडले ते परक्याचे जाणे होते. कोरियाचेही उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट हाच तेथील मुक्तिदिन. जपानच्या शरणागतीनेच कोरिया पस्तीस वर्षांच्या जपानी सत्तेतून सुटला. त्या देशाने या दिवसाला प्रकाश परत आल्याचा दिवस असे नाव दिले, आणि जी तारीख माउंटबॅटनला आपल्या विजयाची वाटत होती ती कोरियन माणसाने आपल्या मुक्तीची केली. तारखेवर कोणाचे नाव लिहायचे हे अखेर ती पाळणारा समाज ठरवीत असतो.

आपणही तेच केले आहे, आणि ते दोन प्रकारांनी केले. पहिला प्रकार २६ जानेवारीचा. डिसेंबर १९२९ च्या अखेरीस लाहोरला रावीच्या तीरावर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३०, रविवार, हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळण्याचे ठरले. डॉ. हेडगेवार यांनीही परिपत्रक काढून सर्व संघशाखांना त्या सायंकाळी स्वातंत्र्यदिन पाळण्यास सांगितले. त्यानंतरची सतरा वर्षे या देशाचा स्वातंत्र्यदिन २६ जानेवारी हाच होता. लोकांनी लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन तो पाळला. स्वातंत्र्य प्रत्यक्षात आले ते दुसऱ्याच तारखेला. तरीही ही तारीख आपण वाऱ्यावर सोडली नाही. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली, तिची काही कलमे तेव्हाच लागू झाली, परंतु संपूर्ण घटना अमलात आणण्यासाठी दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० ची वाट पाहण्यात आली. परक्याने दिलेल्या तारखेच्या जोडीला आपण निवडलेली तारीख आपण उभी केली. स्वतंत्र राष्ट्राच्या वर्तनाचा याहून उत्तम नमुना कोणता?

दुसरा प्रकार रक्ताचा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक सत्याग्रही त्या दिवशी धारातीर्थी पडले. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ, पंजाबचे तरुण कर्नेलसिंग हे त्यांतले. मध्य प्रदेशातील सहोदराबाई राय यांनी गोळ्या लागूनही हातचा ध्वज सोडला नाही. गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावे लागले. परंतु या वीरांनी मरणासाठी दिवस निवडला तो १५ ऑगस्ट. माउंटबॅटनच्या कॅलेंडरावरील ते पान त्या दिवशी कायमचे फाटले. जपानची शरणागती आज या देशात कोणाला आठवते? ध्वज आठवतो. तारखेवर भारताचा हक्क सांगणारे दस्तऐवज या हुतात्म्यांनी लिहून ठेवले आहेत, आणि म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की १५ ऑगस्ट बदलण्याचे कारण नाही.

परंतु तारीख तीच ठेवायची याचा अर्थ तिची कथा सांगायची नाही असा होत नाही. आपले खरे दुखणे तेथे आहे. शाळेत ध्वजारोहण होते, पाहुणे भाषण करतात, खाऊ वाटला जातो आणि साडेनऊला मुले घरी परततात. १५ ऑगस्टच का, असे एखाद्या मुलाने विचारले, तर उत्तर देऊ शकणारे पालक किती निघतील? आपल्याच महाराष्ट्राचे उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९४७ रोजी मराठवाडा स्वतंत्र नव्हता. संभाजीनगर, बीड, परभणी, नांदेड, धाराशिव हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि तेथे तिरंगा फडकविणे हा अपराध होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढा आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई यांच्या योगाने १७ सप्टेंबरला तेथे स्वातंत्र्य आले. दादरा आणि नगर हवेलीत सिल्वासावर तिरंगा चढला तो २ ऑगस्ट १९५४ रोजी, मूठभर तरुणांच्या धाडसाने. संगीतकार सुधीर फडके आणि शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे हेही त्या मोहिमेत होते. भारताच्या स्वातंत्र्याला अशा अनेक तारखा आहेत. १५ ऑगस्ट ही त्यांतली थोरली. थोरलीच्या कौतुकात धाकट्यांचा विसर पडू देणे योग्य नाही.

शकगणनेचा आग्रह धरणाऱ्यांविषयीही दोन शब्द. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, भारताला अधिकृत राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लाभली. त्या गणनेनुसार १५ ऑगस्ट म्हणजे २४ श्रावण आणि २६ जानेवारी म्हणजे ६ माघ. ही दिनदर्शिका राजपत्रावर आणि आकाशवाणीवर उरली, घरात आली नाही. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरातील शिलालेखावर शके ९८२ कोरलेले आहे. शिलाहार राजा मामवाणी याच्या काळातील कारागिराला काळ मोजण्यासाठी परक्यांकडे जावे लागले नाही. मंदिराच्या आवारात सेल्फी काढणाऱ्या आपल्या तरुणांना आजचा शक कोणता हे सांगता येऊ नये, ही खंत रास्त आहे. मात्र त्यासाठी १५ ऑगस्ट रद्द करण्याची गरज नाही. निमंत्रणपत्रिकेवर, शाळेच्या फळ्यावर, ध्वजस्तंभाशेजारच्या पाटीवर १५ ऑगस्टसोबत २४ श्रावण लिहायला कोणी हरकत घेतलेली नाही. सुरुवात तेवढ्यापासून व्हावी.

केंद्र सरकारने २०२१ साली १४ ऑगस्ट हा विभाजन विभीषिका स्मृती दिन म्हणून घोषित केला. त्यावर राजकारणाचा आरोप झाला, होणारच होता. आरोपाला उत्तर कृतीने देता येते. हा दिवस कोणाविषयी द्वेष पेटविण्यासाठी पाळला, तर तो वाया जाईल. फाळणीच्या आगीत दोन्ही बाजूंची निरपराध माणसे होरपळली, आणि शेजाऱ्याला आसरा देणारी माणसेही दोन्ही बाजूंना होती. आपल्याकडे आलेल्यांनी मदतीची याचना करीत आयुष्य काढले नाही. बराकीत कारखाना काढला, रेल्वेत गोळ्या-बिस्किटे विकली, मुलांना शिकविले, शाळा-महाविद्यालये उभारली. कोणाच्या आश्रयाशिवाय उभे राहण्याची ही गोष्ट आहे. १४ ऑगस्टला स्मरण व्हायचे ते या गोष्टीचे.

म्हणून या परिसरातील नगरसंस्था, शाळा आणि गणेशोत्सव मंडळे यांना आमचे सांगणे आहे. उल्हासनगरच्या ज्या थोड्या बराकी मूळ रूपात शिल्लक असतील, त्यांतली एक तरी पुढच्या पिढीसाठी राखून ठेवा आणि तिथे फाळणीचा इतिहास मांडा. सिंधहून लहानपणी आलेल्या आजी-आजोबांच्या आठवणी आताच ध्वनिमुद्रित करा, कारण आणखी दहा वर्षांनी सांगणारा कोणी उरणार नाही. अंबरनाथच्या शाळेतील मुलांना १४ ऑगस्टच्या दुपारी पाच नंबरच्या एखाद्या घरी घेऊन जा आणि १५ ऑगस्टच्या सकाळी ध्वजाखाली उभे करा. एका दिवशी त्यांना स्वातंत्र्याची किंमत कळेल, दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्याचे मोल. १७ सप्टेंबर आणि १९ डिसेंबर या तारखाही त्यांच्या वहीत लिहून द्या.

तारीख कोणी ठरविली याला महत्त्व आहेच. परंतु ती कोणी, कशासाठी आणि किती जाणतेपणाने पाळली, याला त्याहून अधिक महत्त्व आहे. माउंटबॅटन यांनी एक तारीख दिली. तिच्या मागचा अहंकार त्यांचा होता, तिच्या पोटी आलेले दुःख आपल्या माणसांचे होते आणि तिच्यावर फडकणारा ध्वजही आपलाच आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवणारा समाजच ती तारीख खऱ्या अर्थाने आपली म्हणू शकतो. येत्या १५ ऑगस्टला, अर्थात २४ श्रावणाला, ध्वजाला वंदन करताना क्षणभर त्या ओस छावणीचे आणि तिच्यात नव्याने पेटलेल्या पहिल्या चुलीचे स्मरण करावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.